तारीख देणाऱ्याच्या शेजारी तारीख पाळणाऱ्याची खुर्ची लावा



ऑर्डर कशी मिळवायची या विषयावरच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त एकच तक्रार आली होती. "सर, ऑर्डर मिळते, पण वेळेत पूर्ण होत नाही. माणसं ऐकत नाहीत." आज त्यावरच लिहितोय. उत्तर देण्याआधी एक प्रश्न. ती ऑर्डर घेताना, गिऱ्हाईकाला तारीख देताना, ज्या माणसांना ते काम करायचं होतं त्यांना तुम्ही विचारलं होतं का?

मी विचारलं नव्हतं. त्याची किंमत मोजली, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

माझ्या दुकानातला जून महिना

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, सांगलीत आमचं शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे. मागे छोटं युनिट आहे, सहा मशीन, सहा कारागीर आणि त्यांच्यावर एक कटिंग मास्तर. मास्तर आमच्याकडे माझ्या लहानपणापासून आहेत.

काही वर्षांपूर्वी दोन शाळांची मिळून ६४० सेटची ऑर्डर हातात होती. एप्रिलच्या शेवटी तिसऱ्या शाळेचे लोक दुकानात आले. ४८० सेट हवे होते. मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघे गल्ल्यावर बसलो होतो. चहा मागवला, भाव ठरला, अॅडव्हान्स घेतला आणि मी छातीठोकपणे सांगितलं, "१३ जूनला सगळा माल शाळेत पोच." मास्तर वीस फुटांवर कटिंग टेबलापाशी उभे होते. त्यांना आम्ही हाकसुद्धा मारली नाही.

आता हिशोब बघा. सहा कारागीर, एकेकाचे दिवसाला सरासरी पाच सेट, म्हणजे रोजचे ३० सेट. शाळांकडून मुलांची मापं हातात आली ५ मेला. तिथून १३ जूनपर्यंत रविवार वगळले तर ३४ दिवस. ३४ गुणिले ३० म्हणजे १०२० सेट. आणि मी शब्द दिला होता ११२० सेटचा! म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी १०० सेट कमीच पडणार होते.

सुरळीत तर काहीच झालं नाही. मे महिना, लग्नसराई. दोन कारागीर आठ आठ दिवस गावी गेले, ८० सेट गेले. चेक्सचं कापड सहा दिवस उशिरा आलं, १८० सेट गेले. १३ जूनला माझ्याकडे तयार होते ७६० सेट. उरलेले ३६० सेट द्यायला आणखी बारा दिवस लागले. शाळा सुरू झाली आणि अर्धी मुलं रंगीत कपड्यांत. पालक दुकानात येऊन बोलून गेले, ते वेगळंच. पुढच्या वर्षी तिसरी शाळा दुसरीकडे गेली. एका सेटमागे १०० रुपये सुटतात असं धरलं तरी दरवर्षीचे ४८ हजार गेले.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या बारा दिवसांत एका रात्री मी मास्तरांवर सगळ्यांदेखत ओरडलो. ते शांतपणे कात्री खाली ठेवून म्हणाले, "दादा, तारीख तुम्ही दिली. मला विचारलं होतं का? दोघं लग्नाला जाणार हे मला मार्चपासून माहीत होतं." दुसऱ्या दिवशी ते कामाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली तेव्हा परत आले.

बीबीएला असताना मला प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा विषय होता. पेपरात चार्ट काढून चांगले मार्कसुद्धा मिळवले होते. पण माझ्याच दुकानातला प्रोजेक्ट मॅनेजर वीस फुटांवर कात्री घेऊन उभा आहे, हे मला दिसलं नाही.

रोजचा धंदा वेगळा, प्रोजेक्ट वेगळा

रोज दुकान उघडणं, माल विकणं, गल्ला मोजणं हा झाला रोजचा धंदा. तो आज झाला तसा उद्याही होतो. ज्या कामाला सुरुवात आहे, शेवटची तारीख आहे, ठरलेला पैसा आहे आणि शेवटी काहीतरी पूर्ण करून द्यायचं आहे, ते काम म्हणजे प्रोजेक्ट. जूनचे गणवेश हा प्रोजेक्ट. दिवाळीचा फराळ, दुसरी शाखा उघडणं, नवीन मशीन बसवणं, लग्नाच्या जेवणाची ऑर्डर, हे सगळे प्रोजेक्टच.

मोठ्या कंपनीत वरच्या टेबलावर कोण बसतं? मालक किंवा सीईओ, पैशाचा प्रमुख, विक्रीचा प्रमुख. निर्णय तिथे होतात. प्रोजेक्ट मॅनेजरला बऱ्याचदा नंतर बोलावतात आणि सांगतात, "हे काम, ही तारीख, एवढे पैसे. करून दाखवा." काम बिघडलं की उत्तर मात्र त्याने द्यायचं. म्हणून व्यवस्थापनाच्या जगात ही मागणी बरीच वर्षं होतेय की प्रोजेक्ट पूर्ण करणाऱ्या माणसाला निर्णयाच्या टेबलावरच जागा द्या. तारीख आणि पैसा ठरत असतानाच त्याला बोलू द्या.

तुम्ही म्हणाल, सर, आमचं कुठलं आलंय बोर्डरूम? आहे ना! तुमचा गल्ला, तुमचं रात्रीचं जेवणाचं ताट, नाहीतर गाडीवर मागे बसलेल्या भावाशी होणारं बोलणं. तुमच्या धंद्याचे मोठे निर्णय तिथेच होतात. तिथे कोण कोण असतं आणि कोण नसतं, ते आज जरा बघा.

कोकण रेल्वेकडून काय शिकायचं

आता एक मोठं उदाहरण घेऊ. आपल्यातले बरेच जण त्या गाडीने गेलेत. कोकणातून रेल्वे जावी ही मागणी फार जुनी. सह्याद्रीचे उतार, खाड्या, नद्या, कोकणातला पाऊस. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा.

हे काम रेल्वेच्या नेहमीच्या पद्धतीने करता आलं असतं. जागेवर चीफ इंजिनियर, त्याच्या वर विभाग, त्याच्या वर रेल्वे बोर्ड, आणि प्रत्येक मोठ्या निर्णयाची फाइल वर जाऊन खाली येणार. तसं केलं नाही. १९ जुलै १९९० ला या कामासाठी वेगळी कंपनी काढली, कोकण रेल्वे कॉर्पोरेशन. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५ आणि गोवा व केरळचा ६-६ टक्के. बाकीचा पैसा उभा करायला बाजारात बाँड आणले. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक म्हणून बसवले ई. श्रीधरन यांना.

इथे नीट लक्ष द्या. श्रीधरन हे मुळात काम पूर्ण करणारे इंजिनियर. १९६४ च्या डिसेंबरमधल्या चक्रीवादळात रामेश्वरमचा पांबन पूल उद्ध्वस्त झाला, तो त्यांनी ४६ दिवसांत पुन्हा उभा केला होता. अशा माणसाला कंपनीच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसवलं. काम पूर्ण करण्याची जबाबदारी आणि पैसे-माणसांचे निर्णय घ्यायचा अधिकार, दोन्ही एकाच ठिकाणी आले.

त्यांनीही तेच पुढे केलं. मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक भागाला एक चीफ इंजिनियर. म्हणजे आपापल्या शंभरेक किलोमीटरला जबाबदार कोण, याबद्दल शंकाच नाही.

आता खरं ते पूर्ण सांगतो. मूळ लक्ष्य पाच वर्षांचं होतं. ते हुकलं. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून वाद झाला, काम थांबलं. पेडण्याच्या बोगद्यात माती इतकी मऊ की खोदलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं. काही टप्प्यांवर १९९३ पासूनच गाड्या धावत होत्या, पण पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. मग खुर्ची देऊन फायदा काय झाला? फायदा हा, की एका ठिकाणी अडकलं म्हणून बाकीचे भाग थांबले नाहीत, आणि अडचण कुठे आहे ते सगळ्यात वरच्या माणसाला थेट कळत होतं. माझ्या दुकानात बघा, कापड येत नाहीये हे मला चौथ्या दिवशी कळलं होतं.

पुढे हेच श्रीधरन १९९७ मध्ये दिल्ली मेट्रोचे व्यवस्थापकीय संचालक झाले. तिथे काम सुरू झालं १ ऑक्टोबर १९९८ ला. शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा २४ डिसेंबर २००२ ला खुला झाला. सुमारे ६५ किलोमीटरच्या पहिल्या फेजला दहा वर्षं धरली होती, ती साधारण सव्वासात वर्षांत उरकली. तिथली उलटी घड्याळं प्रसिद्ध आहेत. किती दिवस झाले हे न दाखवता किती दिवस उरले हे दाखवणारी.

खुर्चीबरोबर जबाबदारी कशी येते, तेही तिथेच दिसलं. १२ जुलै २००९ ला दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोचं बांधकाम कोसळलं, माणसं दगावली. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. सरकारने तो स्वीकारला नाही आणि ते कामावर राहिले. अधिकार पूर्ण असला की माणूस जबाबदारीही पूर्ण घेतो. अधिकार न देता नुसती जबाबदारी टाकली, तर तो आमच्या मास्तरांसारखी कात्री खाली ठेवतो.

अनारशाचं पीठ आणि घरातली प्रोजेक्ट मॅनेजर

आमच्या एका बॅचमध्ये एक जोडपं आलं होतं. दिवाळीचा फराळ करून विकतात. दादा मोबाईलवर ऑर्डर घेतात, ताई आणि त्यांच्या हाताखालच्या तिघी जणी फराळ करतात. तक्रार अशी की दरवर्षी शेवटच्या चार दिवसांत घरात भांडणं.

मी विचारलं, भांडण कशावरून? ताई म्हणाल्या, "सर, हे धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी अनारशांची ऑर्डर घेतात." मग ताईंनीच सगळ्या बॅचला समजावलं. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवायचे, कुटायचे, गूळ घालून पीठ मुरायला ठेवायचं. ते पाच-सहा दिवस तरी मुरायला हवं. म्हणजे पहिला अनारसा तुपात पडायच्या आधी आठ-दहा दिवस गेले. चार माणसं वाढवा नाहीतर दहा वाढवा, तांदूळ काही लवकर भिजत नाहीत. चकली आदल्या दिवशी करता येते, अनारसे नाही.

पुस्तकात याला क्रिटिकल पाथ म्हणतात. सगळ्या कामातली ती साखळी, जी लांबली की शेवटची तारीख लांबतेच. ताईंना हे कुठल्याही कोर्सशिवाय माहीत होतं. पण ऑर्डर घेताना त्यांना कोणी विचारत नव्हतं. "ती घरातलीच आहे, करेल."

मित्रांनो, आपल्याकडच्या कितीतरी घरगुती धंद्यांत खरी प्रोजेक्ट मॅनेजर बायको, आई किंवा वहिनी असते. व्हिजिटिंग कार्डावर तिचं नाव नसतं आणि तारीख ठरवताना ती स्वयंपाकघरात असते. तिला त्या टेबलावर बसवा. कौतुक म्हणून बसवू नका. तिच्याकडे जी माहिती आहे ती तुमच्याकडे नाही, म्हणून बसवा.

खुर्ची लावायची म्हणजे नेमकं काय करायचं?

लिहून घ्या. पाच गोष्टी आहेत, खर्च जवळजवळ शून्य.

१. आधी विचारा, मग अॅडव्हान्स घ्या. ठरलेल्या मर्यादेच्या वरची ऑर्डर आली की काम करणाऱ्या मुख्य माणसाला बोलावल्याशिवाय तारीख द्यायची नाही. आमच्याकडे ही मर्यादा १०० सेटची आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी मास्तर येतात, मापं कधी मिळणार ते विचारतात आणि मगच तारीख ठरते. गिऱ्हाईकाला राग येत नाही, उलट विश्वास वाटतो.

२. नाही म्हणायचा हक्क द्या. नुसतं बोलावून "हो ना मास्तर?" असं विचारलं तर ते हो म्हणणारच, पगार तुम्ही देता. त्यांना स्पष्ट सांगा की तुम्ही नाही म्हणालात तर मी ती तारीख देणार नाही. आणि पहिल्यांदा ते नाही म्हणतील, तेव्हा तो शब्द पाळा. सगळी परीक्षा तिथेच आहे.

३. "नाही" बरोबर "कसं होईल" हेही मागा. काम करणाऱ्यानेही नुसतं नाही म्हणून मोकळं व्हायचं नाही. किती दिवस लागतील, काय आधी मिळालं तर जमेल, किती जास्तीची माणसं लागतील, हे त्याने सांगायचं.

४. थोडा पैसा त्याच्या हातात ठेवा. दोरा संपला, मशीनची मोटर गेली, बाहेरून काज-बटण करून घ्यायचंय, अशा गोष्टींसाठी प्रत्येक वेळी तुमची वाट बघायला लावू नका. आम्ही मोठ्या ऑर्डरला पाच हजारांपर्यंत मास्तरांना विचारायची गरज ठेवलेली नाही. हिशोब वहीत लिहायचा, एवढंच.

५. आठवड्याला पंधरा मिनिटं आणि एक फळा. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी, अण्णा आणि मास्तर बसतो. फळ्यावर तीनच आकडे असतात. किती सेट झाले, किती उरले, किती दिवस उरले. वाईट बातमी आधी सांगायची, आणि ती सांगणाऱ्यावर ओरडायचं नाही. तुम्ही एकदा ओरडलात की पुढची वाईट बातमी तुम्हाला उशिरा मिळणार, हे नक्की.

तुमच्या मनातल्या दोन शंका

"सर, मी एकटाच आहे. कोणाला खुर्ची देऊ?" एकटे असाल तर दोन टोप्या घाला. ऑर्डर घेणारे तुम्ही लगेच हो म्हणता. म्हणून नियम करा की मोठ्या ऑर्डरला त्याच क्षणी हो म्हणायचं नाही, संध्याकाळी सांगतो म्हणायचं. घरी जाऊन वही उघडा, काम करणारे तुम्ही बनून दिवस मोजा, आणि मग फोन करा.

"कारागिराला बरोबरीने बसवलं तर तो डोक्यावर बसेल." अण्णांनी मला अगदी हेच सांगितलं होतं. "कामगाराला मीटिंगला बसवतात का?" मी वाद घातला नाही, फक्त एक वर्ष करून बघू म्हणालो.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका जुन्या शाळेने ३०० सेट वाढवून मागितले. मास्तर म्हणाले, "मापं १५ एप्रिलला मिळाली तर होईल, मेमध्ये मिळाली तर नाही." आम्ही शाळेला तसंच सांगितलं. मापं १८ एप्रिलला आली आणि माल ९ जूनला पोचला. आणखी एका शाळेचे २०० सेट मात्र मास्तरांनी नाही म्हटल्यावर सोडून द्यावे लागले. ते दुसऱ्या दुकानात गेलेले बघताना मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू? पण त्या जूनमध्ये एकही पालक दुकानात भांडायला आला नाही.

अण्णांनी मीटिंगबद्दल चांगलं-वाईट काहीच म्हटलं नाही. पण हल्ली कोणी मोठी ऑर्डर घेऊन आलं आणि मी बोलायला सुरुवात केली, की ते गल्ल्यावरूनच म्हणतात, "थांब, मास्तरांना बोलव आधी."

आजचं काम

मागच्या वर्षभरात उशीर झालेली एक ऑर्डर आठवा. कागदावर तीन ओळी लिहा. तारीख कोणी दिली? काम कोणी केलं? तारीख देताना तो माणूस, किंवा ती बाई, कुठे होती? मग आज रात्री जेवताना त्यांना एवढंच विचारा, "पुढची मोठी ऑर्डर घ्यायच्या आधी मला तुमच्याकडून काय काय माहीत असायला हवं?" आणि मध्ये न बोलता ऐका.

काय उत्तर मिळालं ते मला व्हिडिओखाली नक्की लिहा. पुढच्या भागात आपण मोठ्या ऑर्डरचा फळा कसा भरायचा ते प्रत्यक्ष आकडे घेऊन बघणार आहोत. तेव्हा मास्तरांनाही कॅमेऱ्यासमोर बसवायचा विचार आहे. अर्थात, तारीख त्यांना विचारूनच ठरवणार!